शिंदीचे मडके आणि बव्हेरियाचा हुकूम

जर्मन धाटणीची बिअर घरी करू पाहणाऱ्यापुढे सुरुवातीलाच दोन प्रश्न उभे राहतात : यीस्ट कोणते घ्यायचे आणि हॉप्स कोणते. जव आणि पाणी यांबद्दल फारसा वाद होत नाही. वाद होतो तो आंबवणाऱ्या जिवाबद्दल आणि त्या आंबण्याला आवर घालणाऱ्या, कडवटपणा देणाऱ्या वनस्पतीबद्दल. आज हे प्रश्न चवीचे वाटतात. इतिहासात मात्र त्यांची उत्तरे बहुतेक वेळा चव घेणाऱ्याने दिलेली नाहीत, कर घेणाऱ्याने दिलेली आहेत. हे जर्मनीबद्दल जितके खरे आहे तितकेच जालना जिल्ह्याबद्दलही आहे. जालन्याकडे हॉप्स नव्हते, पण हिवराची साल होती. म्युनिकचे यीस्ट नव्हते, पण शिंदीच्या मडक्यात रोज नवे आंबवण होत होते. तरीही एका मुलखातून शेकडो नावांची, जातींची आणि जपलेल्या वाणांची परंपरा निघाली, आणि दुसऱ्यातून ‘हातभट्टी’ एवढा एकच शब्द उरला. हा फरक हवामानापेक्षा महसुलाच्या पद्धतीने घडवला, असे माझे मत आहे.

आधी जर्मनीचा दाखला. हॉप्सच्या आधी वायव्य जर्मनीत आणि नेदरलँड्समध्ये बिअरला कडवटपणा येई तो ‘ग्रूट’ नावाच्या वनस्पतींच्या मिश्रणाने. बॉग मर्टल, यारो अशा रानटी झुडपांचे हे मिश्रण. ते विकण्याचा हक्क राजाने दिलेला असे, आणि तो बिशपांकडे, सरदारांकडे किंवा नगरांकडे असे. बिअर करणाऱ्याला ग्रूट ठरलेल्या ठिकाणाहून विकत घ्यावेच लागे, म्हणजे कर मसाल्यातच मिसळलेला होता. हॉप्स मात्र कोणीही कुंपणावर चढवू शकत होते, म्हणूनच कोलोनच्या आर्चबिशपसारख्या हक्कदारांना हॉप्सची बिअर डोळ्यांत सलत होती. बाराव्या शतकात बिंगेनच्या हिल्डेगार्डने हॉप्सच्या टिकाऊ गुणाची नोंद केली होती. पुढे ब्रेमेन आणि हॅम्बुर्गच्या व्यापाऱ्यांनी त्याच गुणावर समुद्रापलीकडची बाजारपेठ उभी केली. हॉप्स घातलेली बिअर आठवडेच्या आठवडे टिकते, म्हणून ती जहाजात चढते, आणि जहाजात चढते म्हणून तिच्यावर बंदरात जकात बसवता येते. नगरांनी हिशेब केला तेव्हा ग्रूटच्या हक्कापेक्षा हॉप्सच्या बिअरवरचा कर जास्त भरला, आणि मग ग्रूट मागे पडले. चव बदलली, पण बदल चवीमुळे झाला असे म्हणणे धाडसाचे आहे.

बव्हेरियाचा प्रसिद्ध हुकूम २३ एप्रिल १५१६ रोजी इंगोलश्टाट येथे निघाला. विल्हेल्म चौथा आणि लुडविग दहावा या दोन ड्यूक बंधूंनी तो काढला. आज तो शुद्धतेचा जाहीरनामा म्हणून बाटल्यांवर मिरवतो. मूळ मजकुराचा मोठा भाग मात्र भावाचा आहे : हिवाळ्यात एक ‘मास’ (सुमारे लिटरभराचे माप) बिअर एक फेनिगला, उन्हाळ्यात फार तर दोनला. त्यानंतर येते ते बंधन : जव, हॉप्स आणि पाणी यांशिवाय काही घालायचे नाही. गहू बाहेर राहिला, कारण तो पावासाठी हवा होता. पण गव्हाची बिअर बव्हेरियात बंद झाली का? नाही. ती डेगेनबर्ग घराण्याच्या विशेष हक्काखाली चालू राहिली, आणि १६०२ मध्ये ते घराणे निपुत्रिक झाल्यावर हक्क ड्यूककडे परत आला. मग ड्यूकनेच गव्हाच्या बिअरचे कारखाने चालवले आणि पैसा मिळवला. आज घरी ‘वाइत्सन’ करणारा जे यीस्ट निवडतो, लवंगेचा आणि पिकल्या केळ्याचा वास देणारे, ते टिकून राहण्यामागे ही मक्तेदारीही आहे. हुकुमात यीस्टचे नावच नाही. याचा अर्थ बव्हेरियन लोकांना आंबवण ठाऊक नव्हते असा नाही. आधीच्या पिंपाच्या तळाशी राहिलेला गाळ नव्या पिंपात घालायचा, हे त्यांना आपल्याकडच्या विरजणाइतकेच सवयीचे होते. यीस्ट विकत घ्यावे लागत नव्हते, म्हणून ते कराच्या यादीत आले नाही.

तरीही यीस्टची निवड झाली, तीही हुकुमानेच. १५५३ मध्ये बव्हेरियात २३ एप्रिल ते २९ सप्टेंबर या काळात बिअर करण्यास बंदी आली. उन्हाळ्यात बिअर नासते हे कारण खरेच होते. पण परिणाम असा झाला की पिढ्यानपिढ्या फक्त थंडीत, तळघरांत, आठ-दहा अंशांवर काम करणारे आंबवण तगले आणि गरमीत फसफसणारे मागे पडले. आपण ज्याला लागर यीस्ट म्हणतो तो दोन जातींचा संकर आहे. त्यातली एक जात नेहमीचे सॅकरोमायसीस सेरेव्हिसी, दुसरी थंडीत तग धरणारी युबायानस. ही दुसरी जात शास्त्रज्ञांना २०११ मध्ये पॅटागोनियाच्या जंगलात सापडली आणि नंतर तिबेटमध्येही. १८८३ मध्ये कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत एमिल ख्रिश्चन हान्सन याने लागर यीस्टचा एकाच पेशीपासून वाढवलेला शुद्ध वाण वेगळा केला, आणि तिथून पुढे यीस्ट ‘निवडण्याची’ गोष्ट झाली. म्हणजे शास्त्राने शेवटी जे निवडले ते तीन शतकांच्या ऋतुबंदीने आधीच चाळून ठेवलेले होते.

आता जालना. आजचा जिल्हा १ मे १९८१ रोजी औरंगाबाद आणि परभणी जिल्ह्यांच्या तालुक्यांतून झाला. त्याआधी १९४८ पर्यंत दीर्घकाळ हा मुलूख निजामाच्या राज्यात होता, आणि तिथल्या साध्या माणसाचे आंबवलेले पेय म्हणजे शिंदी. ओढ्याकाठी, नाल्याच्या ओलीत वाढणारे हे रानखजुराचे झाड. हिवाळ्यात त्याच्या शेंड्याखालचा भाग सोलून खाच पाडायची, खाली मडके बांधायचे, रात्रभर रस ठिबकतो. पहाटे उतरवलेला रस गोड असतो. ऊन चढू लागले की तो फेसाळतो, आणि दुपारपर्यंत त्यात बिअरच्या आसपास मद्यार्क येतो. बाहेरून काही घालावे लागत नाही. खाचेवर, हवेत आणि मुख्य म्हणजे जुन्या मडक्याच्या भेगांत यीस्ट आणि झायमोमोनाससारखे जिवाणू बसलेलेच असतात. गोड नीरा हवी असेल तर मडक्याला आतून चुना लावतात. चुन्याने आंबणे अडते. मडक्याला चुना लावायचा की नाही, नवे मडके बांधायचे की मुरलेले, हा आंबवणाच्या निवडीचाच प्रश्न होता, आणि झाडावर चढणाऱ्या माणसाला त्याचे उत्तर ठाऊक असे. पण शिंदी टिकत नाही. संध्याकाळपर्यंत ती आंबट होते, दुसऱ्या दिवशी सिरक्याच्या वाटेला लागते. जहाजात चढणारी हॉप्सची बिअर आणि त्याच दिवशी संपवावी लागणारी शिंदी यांत कर घेणाऱ्याच्या दृष्टीने जमीन-अस्मानाचा फरक आहे.

म्हणूनच निजामाच्या अबकारीने शिंदीवर कर घेताना पेयाकडे पाहिलेच नाही. तिने झाड मोजले आणि दुकानाचा लिलाव केला. किती झाडे छेदायची यावर कर आणि कोणत्या गावात कोण विकणार यावर मक्ता, असा तो कारभार होता. खासगी शेतातल्या झाडाची शिंदी काढली तर शेतमालकाला ‘हक्क-ए-मालिकाना’ म्हणून काही रक्कम मिळे. अबकारी हे निजाम सरकारच्या मोठ्या उत्पन्नांपैकी एक होते. या व्यवस्थेत मक्तेदाराचे हित कशात होते ते पाहा. बोली लावून घेतलेले दुकान वर्षभरात वसूल करायचे, तर जास्त रस, जास्त पाणी आणि लवकर खप. चांगल्या मडक्याची, एखाद्या ओढ्याच्या विशेष चवीच्या झाडाची ख्याती झाली तरी पुढच्या लिलावात तीच ख्याती बोली वाढवणार, आणि मक्ता दुसऱ्याच्या हातात जाणार. कोणी का जपावे? बव्हेरियातल्या कारखानदाराचे घर, तळघर आणि गाळाचे पिंप पिढ्यानपिढ्या एकाच जागी राहिले. कलालाचे दुकान वर्षाच्या बोलीवर उभे होते.

दुसरे पेय गुळाचे. गोदाकाठच्या अंबड-घनसावंगीच्या पट्ट्यात ऊस होता, जालन्याच्या बाजारात गूळ होता. गुळाच्या सडव्यात (गाळण्यासाठी आंबत ठेवलेल्या गुळाच्या पाण्यात) दख्खनमध्ये हिवराची साल टाकत. पांढरट खोडाचे, काटेरी, माळावर तगणारे हे झाड. दुष्काळात याच सालीचे पीठ करून लोकांनी खाल्ल्याच्याही नोंदी आहेत. जॉर्ज वॉट यांनी भारतातील आर्थिक उत्पादनांच्या कोशात नोंदवले आहे की ही साल तिच्यातल्या टॅनिनमुळे रसातली प्रथिने साकळून खाली बसवते. उकळत्या माल्टच्या काढ्यात हॉप्सकडूनही हेच एक काम होते. आणि नवसागर? तो आजच्या पोलीस पंचनाम्यांत गुळाच्या जोडीला नेहमी येतो आणि लोकांना तो केवळ विष वाटतो. त्याच्यामागे एक साधा हिशेब होता. जवाच्या काढ्यात यीस्टच्या वाढीला लागणारे नायट्रोजनयुक्त अन्न मुबलक असते, गुळात ते फार कमी. नवसागरातल्या अमोनियमने ती उणीव भरून निघते. आज घरी मध आंबवणारा युरोपीय माणूस पुडीतून जे ‘यीस्टचे खाद्य’ घालतो त्यातही अमोनियमचे क्षार असतात. (भट्टीत पुढे जे भेसळीचे, धोकादायक प्रकार शिरले त्यांचे समर्थन यातून कोणी काढू नये.)

हिवराला हॉप्सच्या शेजारी बसवणे ओढून-ताणून आहे, असा आक्षेप इथे येईल, आणि तो अर्धा बरोबर आहे. हॉप्समधली कडू आम्ले दुधाच्या आंबण्यासारखे आंबणे घडवणाऱ्या जिवाणूंना रोखतात आणि बिअरला टिकवतात. हिवराची साल प्रथिने बसवते, पण तसे संरक्षण देत नाही, आणि तिचा तुरटपणा कोणी चाखायला ठेवला नाही, कारण सडवा सरळ भट्टीवर चढत होता. इथेच मुद्दा आहे. जे पेय गाळले जाते त्यात साल कोणती, आंबवण कोणते, गूळ कोणत्या गावचा, याचा मोठा भाग भांड्यात मागेच राहतो. धारेत उतरतो तो मुख्यतः मद्यार्क. म्हणून जिथे सगळे गाळले जाते तिथे निवडीला बक्षीस मिळत नाही. मग प्रश्न उरतो की सगळे गाळले का गेले.

त्याचे एक उत्तर जिल्ह्यातच आहे. २३ सप्टेंबर १८०३ रोजी भोकरदनजवळ असई येथे आर्थर वेलस्लीने शिंदे-भोसल्यांच्या फौजेशी लढाई केली. त्या मोहिमेतल्या त्याच्या पत्रव्यवहारात तोफा आणि धान्याइतकीच काळजी गोऱ्या सैनिकांच्या अर्काच्या पिंपांची आहे. ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेत रोजचा अर्क हा शिध्याचा भाग होता. बैलाच्या पाठीवर जायचे तर बिअरपेक्षा अर्कच परवडतो, कारण तेवढ्याच वजनात कितीतरी पट नशा जाते. पुढे १८२७ मध्ये जालन्यात छावणी बांधली गेली. तिथे हैदराबाद कंटिंजंटचे सैन्य १९०३ पर्यंत राहिले. छावणीच्या मेसमध्ये विलायती बिअर बाटल्यांतून येत असे, पण बाहेरच्या बाजारपेठेत मागणी होती ती गाळलेल्या दारूची. निजामाच्या राज्याशेजारच्या, इंग्रजांच्या मुंबई इलाख्यातही १८७८ च्या अबकारी कायद्यानंतर गावोगावच्या छोट्या भट्ट्या मोडून मोठ्या केंद्रीय भट्ट्यांवर भर आला, कारण एका दारावर पहारा ठेवणे सोपे असते. १८९२ च्या कायद्याने ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत तर मोहाची फुले गोळा करण्यावरच निर्बंध आले. तिथे कर थेट कच्च्या मालापर्यंत पोचला, पण दर्जा ठरवण्यासाठी नव्हे, तर लोकांना स्वतःचे पेय करता येऊ नये म्हणून. ग्रूटवाल्या बिशपांना हे पटले असते.

सर्वांत जड आक्षेप हवामानाचा. हॉप्सला उन्हाळ्यात पंधरा तासांच्या आसपासचा दिवस लागतो आणि हिवाळ्यात चांगला गारठा. जालना सुमारे १९.८ अंश अक्षांशावर आहे, तिथला सर्वांत मोठा दिवस सव्वातेरा तासांचा. वेल लावला तरी चांगले पीक येणार नाही. हॉप्स काश्मीरमध्ये झाले, नंतर हिमाचलच्या लाहौलमध्ये लावले गेले. मराठवाड्यात ते येणे नाही. यीस्टचेही तसेच : लागरला आठ ते बारा अंश हवेत, तेवढी थंडी जालन्यात डिसेंबर-जानेवारीच्या रात्री कशीबशी भेटते आणि मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो. हे सगळे मान्य. पण यातून एवढेच सिद्ध होते की जालन्यात म्युनिकची ‘हेलेस’ ही फिकी लागर होणार नाही. जालन्याचे स्वतःचे काही का झाले नाही, याचे उत्तर यात नाही. नॉर्वेच्या शेतकऱ्यांनी ‘क्वाइक’ नावाचे आंबवण लाकडी कड्यांवर वाळवून जपले, आणि ते पस्तीस अंशांच्या वर उत्तम काम करते, थंड देशात असूनही. हवामान सोपे केव्हा होते आणि अवघड केव्हा, हे बऱ्याच अंशी जपणाऱ्या हातांवर अवलंबून असते. म्युनिकच्या श्पाटेन कारखान्यातसुद्धा १८७० च्या दशकात कार्ल लिंडेचे शीतयंत्र बसले तेव्हाच लागर ऋतूच्या कचाट्यातून सुटली.

धर्म आणि समाज यांचा आक्षेप वेगळ्या प्रतीचा आहे. समर्थ रामदासांचे जन्मगाव जांब याच जिल्ह्यात, वारकऱ्यांची माळ याच गावांत. पिणे निंद्य मानलेल्या समाजात पेयाची कला कशी रुजणार? या म्हणण्यात तथ्य आहे, पण मक्त्याच्या काळात त्या निंदेला एक राजकीय धार आली, तिचा विसर पडू नये. १९४७ मध्ये स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नेतृत्वाखाली हैदराबाद स्टेट काँग्रेसचा लढा पेटला तेव्हा कार्यकर्त्यांनी करोडगिरीच्या (जकातीच्या) नाक्यांवर हल्ले केले आणि ठिकठिकाणी शिंदीची झाडे तोडली. म्हैसूर संस्थानात चित्रदुर्गजवळ तुरुवनूरला १९३९ मध्ये हेच घडले होते. गांधीजींचा दारूबंदीचा विचार त्यामागे होताच, पण तोडणाऱ्यांना हेही पक्के ठाऊक होते की एकेक झाड म्हणजे निजामाच्या तिजोरीची एकेक नळी आहे. बव्हेरियात कोणी ड्यूकला विरोध म्हणून हॉप्सचे मळे कापले असते का? तिथे मळा शेतकऱ्याचा होता. इथे झाडावर सरकारचा आकडा होता, म्हणून झाड शत्रूच्या बाजूचे ठरले. १७ सप्टेंबर १९४८ ला मराठवाडा मुक्त झाला. त्या लढ्याची किंमत ओढ्याकाठच्या शिंदीने, आणि तिच्या मडक्यांतल्या आंबवणानेही, दिली. लढा योग्यच होता. झाड निरपराध होते, एवढे म्हणायला हरकत नसावी.

नंतरची कथा थोडक्यात सांगता येते. मुंबई राज्याचा १९४९ चा दारूबंदी कायदा मराठवाडा त्या राज्यात आल्यानंतर इकडेही लागू झाला. परवान्याशिवाय मद्य करणे त्याखाली गुन्हा आहे, आणि त्यात घरच्या वीस लिटरच्या पिंपाला सूट नाही. शेजारच्या औरंगाबादच्या औद्योगिक पट्ट्यात मोठमोठे बिअर कारखाने आले आणि तिथे लागर बनू लागली : आयात यीस्ट, आयात हॉप्स, स्थानिक फक्त पाणी. २०१६ च्या दुष्काळात उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने मद्य आणि बिअर कारखान्यांच्या पाण्यात आधी निम्मी, मग साठ टक्के कपात केली, तेव्हा मराठवाड्याला कळले की या उद्योगात आपला वाटा नेमका काय आहे. त्याआधी २००९ मध्ये पुण्यात ‘डूलाली’ ही राज्यातली पहिली मायक्रोब्रुअरी सुरू झाली, आणि गव्हाची जर्मन धाटणीची बिअर मराठी माणसाच्या पेल्यात ताजी आली. परवान्याचे दार किलकिले होताच निवड परत आली, हे माझ्या म्हणण्याला पुष्टी देणारेच आहे.

शेवटचा आक्षेप सर्वांत वाईट, पण तोही ऐकू येतो : निवड करणे, वाण जपणे ही या मुलखाची वृत्तीच नाही. हे जालन्याबद्दल म्हणणाऱ्याने जालना पाहिलेले नाही. बद्रीनारायण बारवाले यांनी पुसा सावनी भेंडीच्या बियाण्यापासून सुरुवात केली, १९६४ मध्ये जालन्यात महिको ही बियाणे कंपनी उभी केली, आणि १९९८ मध्ये त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. हजारो रोपांतून एक रोप वेचणे आणि त्याचा वाण शुद्ध राखणे हे या शहराचे काम आहे. बियाण्याला बाजार होता, मालकी होती, नाव लावता येत होते. आंबवणाला यातले काही नव्हते, म्हणून त्याचा बारवाले झाला नाही.

कुंडलिका, दुधना आणि पूर्णा यांच्या ओढ्यांवर शिंदीची झाडे अजून तुरळक उभी आहेत. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत औद्योगिक सूक्ष्मजीवांचा राष्ट्रीय संग्रह आहे, आणि विद्यापीठ तर जालन्याच्या शेजारीच आहे. या झाडांच्या खाचांतून नमुने घेऊन त्यातले यीस्ट वेगळे करायला मद्य करावे लागत नाही. लागतो तो एखादा सूक्ष्मजीवशास्त्राचा विभाग आणि झाडावर चढणारा एखादा जुना माणूस, ज्याला कोणते मडके कधी बांधायचे हे अजून आठवते. जिल्ह्यातल्या महाविद्यालयांनी हे काम येत्या हिवाळ्यात, रस उतरण्याच्या दिवसांत, हाती घ्यावे. त्या माणसांची वये पाहता फार थांबून चालणार नाही.